कोनती शाळा बेस आहे जी?

दहावीचा निकाल लागला की मोहाडी-तुमसर रस्त्यावर फ्लेक्स उगवतात. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’, खाली पोरांचे पासपोर्ट फोटो, त्याखाली पोरांपेक्षा मोठे शुभेच्छुकांचे फोटो. मग पाचवी-आठवीच्या पोरांचे आईबाप माझ्या ओसरीवर येतात आणि विचारतात, “सर, कोनती शाळा बेस आहे जी?” जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे मी निःपक्ष आहे असा दावा नाही. पण सरकारी आणि अनुदानित शाळांची तुलना करताना काय बघावं, हे मात्र आता पक्कं कळलं आहे.

१. शाळेत शिरतं कोण, ते आधी बघा.

आपल्या भंडारा जिल्ह्यात अव्वल सरकारी शाळा म्हटलं की पाचगावच्या जवाहर नवोदय विद्यालयाचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. पण तिथं सहावीला जागा जास्तीत जास्त ८० आणि तालुके सात. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या सगळ्यांतून पाचवीची पोरं परीक्षेला बसतात. दोन तासांत ८० प्रश्न: ४० बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. त्या चाळणीतून उतरलेलं पोरगं दहावीला चमकलं, तर श्रेय शाळेचं किती आणि चाळणीचं किती? २०२५ मध्ये देशभरातल्या नवोदयांचा सीबीएसई दहावीचा निकाल ९९.४९ टक्के लागला. त्याच वर्षी आपल्या राज्य मंडळाच्या नागपूर विभागाचा ९०.७८, म्हणजे नऊ विभागांत सगळ्यात खाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून “बघा, झेडपीवाले काय शिकवतात!” म्हणणारे खूप भेटले. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला मात्र चाळणी नसते. दाखला घेऊन जो येईल तो आपला.

नवोदयवर माझा राग नाही. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या विदर्भात, अमरावतीला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. शेतमजुराच्या हुशार पोराला याहून मोठी संधी दुसरी कोणती? अविभाजित भंडारा जिल्ह्याचं नवोदय नवेगावबांधला होतं. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. पुढे पाचगावला झालं, तोवर इकडच्या पोरांची जी वर्षं गेली त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

२. नववीचा पट विचारा.

माझ्या मते खरी गोम इथंच आहे. आठवीपर्यंत बहुतेक पोरं सुखरूप वर सरकतात, नववीत सहामाही झाली की ‘कच्ची’ पोरं नजरेत भरतात. पुढच्या वर्षी निकाल पाडणार कोण, हे शाळेला आधीच दिसतं. मग पालकाला बोलावणं जातं.

राईस मिलमध्ये हमाली करणारा एक बाप एकदा माझ्याकडे आला होता. हातात पोराचा दाखला. अनुदानित शाळेतून त्याला सांगितलं होतं, “याला रेग्युलर ठेवण्यात अर्थ नाही, सतरा नंबर भरा, घरी बसून दहावी होईल.” माणूस खूश होता! त्याला वाटलं, मास्तरांनी पोराची सोय केली. सतरा नंबरचा अर्ज हा खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी असतो; काम करून शिकणाऱ्याला, शाळा सुटून वर्षं झालेल्या बाईला तो वरदान आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला त्या वाटेनं काढलं, की तो शाळेच्या नियमित निकालात मोजलाच जात नाही. शंभर टक्के शाबूत. त्या पोराला आम्ही आमच्या शाळेत घेतलं. बोर्डात गणितात काठावर सुटला. आमच्या टक्केवारीला त्यानं काही हातभार लावला नाही, पण तो रोज वर्गात बसून दहावी झाला.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा असतो: नववीत किती होते आणि त्यांतले किती दहावीला त्याच शाळेतून बसले? साठातले पंचेचाळीस बसवून शंभर टक्के काढणाऱ्या शाळेपेक्षा साठच्या साठ बसवून नव्वद टक्के काढणारी शाळा मला मोठी वाटते. पहिली पंचेचाळीस पोरं पास करते, दुसरी चोपन्न.

३. वरचे किती आणि सगळे मिळून किती, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

लातूरचंच घ्या. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना शंभर टक्के गुण पडले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागाचे. पण त्या विभागाचा एकूण निकाल ९२.७७ टक्के, राज्याच्या ९४.१० पेक्षा कमी! माथ्यावर उजेड म्हणजे पायथ्याशीही असेलच असं नाही. तुमचं पोरगं वर्गात पहिल्या पाचात असेल तर ‘टॉपर’ बघा. मधल्या रांगेत असेल, आणि बहुतेकांची असतातच, तर मधल्या रांगेचं काय झालं ते विचारा. शंभर टक्क्यांत चित्रकलेचे, खेळाचे वाढीव गुणही असतात, हेही ध्यानात असू द्या.

४. सीबीएसईचे ९० आणि राज्य मंडळाचे ९० एका तराजूत घालू नका. पेपर वेगळे, तपासणारे वेगळे. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

५. जुलैची हजेरी बघा.

आपला धानाचा जिल्हा. रोवणी लागली की मोठी पोरं पऱ्हे उपटायला जातात आणि सातवी-आठवीतली पोरगी लहान भावाला सांभाळायला घरी राहते. या पंधरवड्यात हजेरीपटावर ‘गै’ची रांग लागते. काही शाळा सरळ डोळेझाक करतात. माझ्या एका सहकारी बाई मात्र शाळा सुटल्यावर बांधावर जायच्या, चिखलात उभ्या आयांशी बोलायच्या, “सकाळचे तीन तास तरी पाठवा जी.” सगळ्या ऐकायच्या नाहीत. काही ऐकायच्या. या कष्टाला कुठल्याच निकालपत्रात रकाना नाही. जुलैत ज्या शाळेचे वर्ग भरलेले दिसतात, तिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

६. इमारत नंतर बघा, आधी शिक्षक मोजा.

पश्चिम महाराष्ट्रात गावचं हायस्कूल बहुधा ‘रयत’सारख्या खासगी शिक्षण संस्थेचं असतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कुलं आहेत, ही आपली श्रीमंती. पण पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पट घसरला की पद जातं, पद गेलं की गणित-विज्ञानाचा माणूस जातो, माणूस गेला की आणखी पट घसरतो. रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळा पाहून भुलू नका. वेळापत्रक मागा आणि गणित, विज्ञान, इंग्रजीचे तास कोण घेतं ते वाचा. कायम शिक्षक, शिक्षणसेवक की तासिका तत्त्वावरचा? की क्रीडाशिक्षकच इंग्रजी ‘सांभाळतात’?

७. पोराचं मन आणि शेवटची बस.

नवोदयची सहावीची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्यापायी चौथी-पाचवीच्या पोरांना क्लासला जुंपलेलं मी पाहिलंय. लागलं तर अकराव्या वर्षी घर सुटतं. शिवाय नववीत काही मुलं वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवली जातात. काहींना ते मानवतं, काही रात्र रात्र रडतात. नाही लागलं, तर पोरगं ‘ढ’ ठरत नाही, एवढं घरच्यांनी लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि मुलीच्या बाबतीत मी आधी संध्याकाळची बस किती वाजता आहे ते विचारतो. बस चुकली की शाळा सुटते, हे आमच्या भागात नवीन नाही.

८. तोंडी माहितीवर राहू नका, कागद मागा.

नववीचा पट, दहावीला नियमित बसलेल्यांची संख्या, मंजूर आणि रिक्त पदं, एवढं मुख्याध्यापकांना आधी तोंडी विचारा. चांगली शाळा चहा पाजून सांगते. टाळाटाळ झाली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा जिल्हा परिषदेच्या शाळेला लागू आहे आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांकडूनही ही माहिती निघते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तेव्हा जूनमध्ये दाखला हलवायचा असेल, तर अर्ज एप्रिलमध्येच टाका.