शरणपूरची आफ्रिकी लेकरे

आफ्रिकेतील लेकरांची सेवा करावयास समुद्रच ओलांडावा लागतो, असे आपल्या खापरात कित्येकांस वाटते. पण गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले आपल्या नाशिकजवळ, शरणपूरच्या मिशनात वाढली. तेथे त्यांस अक्षरे व कारागिरी वर्षानुवर्षे शिकविली. पंधरा दिवसांच्या फेरीने हे साधले नसते, असे आम्हांस वाटते. त्यांपैकी जेकब वेनराइट याने 1873 साली आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टनसाहेबांचे नाव झाडावर कोरिले, व 1874 साली त्यांच्या शवासह तो इंग्लंडास गेला. इतर कित्येक मोंबासाजवळील फ्रेअर टाऊनात मुक्त गुलामांची सेवा करावयास परतले. जेकब हे नाव मात्र त्याच्या आईने ठेविलेले नव्हते. ऊसतोडीहून परतलेले मूल शब्बाथ शाळेत आले, तर उपदेशकांनी आधी त्याचे घरचे नाव विचारावे.