भाताचा सौदा : सराव व टिपण

पेण-रोह्याच्या शेतकरी बंधूंनो, भाताचा सौदा बहुधा ओलाव्यावर अडतो. घासाघीसही मशागतीसारखी सरावानेच जमते.

१) हिशेब : शासकीय खरेदीत १७ टक्के ओलावा चालतो. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो भात तेवढे वाळवल्यास सुमारे ९६.४ किलो भरते. म्हणजे रास्त घट ३.६ किलो.

२) किमान भाव : २०२५-२६ हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला. त्यातून वाहतूक व हमाली वजा करून आपला किमान भाव आधीच ठरवावा.

३) सराव : घरातील एकाने व्यापारी व्हावे. तो "पाच किलो घट" म्हणताच "ओलावा मोजून दाखवा" असे सांगावे.

४) टिपण : पहिला भाव, अंतिम भाव, आपण कोठे व का नमलो, हे वहीत लिहावे, पुढील सौद्यापूर्वी वाचावे.