मधुमेही मांजराचा खाऊ: काय द्यावं, किती द्यावं

प्रश्न: आमच्या अकरा वर्षांच्या बोक्याला मधुमेह झाला आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन चालू आहे. आजवर तो दूध-पोळी आणि कोरड्या खाण्यावर वाढला. डॉक्टरांनी आता दोन्ही कमी करायला सांगितलंय. पण नवीन काही पुढे केलं की नुसता वास घेतो आणि निघून जातो. त्याला खाऊ द्यावा का? द्यायचा तर कोणता?

उत्तर: खाऊ जरूर द्या, फक्त त्याचा प्रकार बदला. दिवसातून दोनदा सुई टोचून घेणाऱ्या बोक्याला त्या वेळी आवडीचा घास मिळाला, तर तो सुईला घाबरून पलंगाखाली दडणार नाही. उपचार वर्षानुवर्षं चालवायचे, तर हे सहकार्य फार मोलाचं आहे.

आधी दूध-पोळी का नको, ते समजून घेऊ. मांजर पक्कं मांसाहारी आहे. पिष्टाचं पचन सुरू करणारं अमायलेज हे विकर माणसाच्या लाळेत असतं, मांजराच्या लाळेत नसतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर चटकन उचलणारं ग्लुकोकायनेजही मांजराच्या यकृतात अगदी कमी काम करतं. त्यामुळे पोळी, भात, बिस्किट यांतून आलेली साखर रक्तात बराच वेळ रेंगाळते. १०० मिलिलीटर दुधातही सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. शिवाय मांजराला गोड चव कळतच नाही. त्यामागचा जनुकीय दोष २००५ साली संशोधकांनी दाखवून दिला. त्याला दुधाची ओढ आहे ती स्निग्धांशाची आणि प्रथिनांची, आणि या दोन्ही गोष्टी आपण साखरेशिवाय देऊ शकतो.

काय द्यावं?

कातडी काढलेलं, फक्त पाण्यात उकडलेलं चिकन सगळ्यात सोपं. ते बारीक चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागेल तसा एकेक तुकडा काढा. उकडलेली कोळंबी, काटे नीट काढलेला रावस किंवा बांगडा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग हेही चालतं. मासळीला हळद-मीठ लावण्याआधीच बोक्याचा वाटा बाजूला काढा. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला धुतलेला तुकडाही नको. खारवलेली सुकी मासळी, कच्चे मासे आणि कच्चं अंडंही टाळा. काळीज फार आवडत असेल तर आठवड्यातून एकदा, नखाएवढंच. बोक्याला मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल तर ही यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

विकतचा खाऊ घेताना पाकिटावरचे घटक वाचा. फ्रीझ-ड्राइड चिकन किंवा मासे असतील आणि घटकांत तेवढं एकच नाव असेल, तर तो उत्तम. मऊ, चिवट तुकड्यांत बहुधा साखर, सिरप किंवा ग्लिसरीन असतं, ते नकोत. चाटण्याच्या ट्यूबमध्ये टॅपिओका स्टार्च आहे का ते बघा.

पाकिटाचा हिशेब

कर्बोदकांचा आकडा पाकिटावर सहसा नसतो, तो काढावा लागतो. प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख यांचे टक्के मिळवा आणि १०० मधून वजा करा. राख छापलेली नसेल तर कोरड्या खाण्यात ८, ओल्यात २ धरा. समजा, कोरड्या खाण्यावर प्रथिनं ३२, स्निग्धांश १२, तंतू ४, ओलावा १० असं लिहिलं आहे. राख ८ धरली की बेरीज ६६, म्हणजे कर्बोदकं ३४ टक्के. त्या खाण्यातली एक तृतीयांशाहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते. मधुमेही मांजरासाठी हे प्रमाण साधारण १२ टक्क्यांच्या आत असावं. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं ओलं खाणं बहुतेक वेळा या मर्यादेत बसतं.

किती द्यावं?

चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांपुरता, म्हणजे २० किलोकॅलरी. उकडलेल्या चिकनचे ते जेमतेम १२ ग्रॅम होतात. दिवसाचा हा वाटा सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की खाऊ त्या डबीतूनच द्यायचा. आजी वेगळा, नातवंडं वेगळा देत असतील तर वजन उतरणार नाही, आणि जाड मांजरात इन्सुलिन नीट काम करत नाही.

नाक मुरडणाऱ्याला कसं वळवावं?

मांजर आधी वासाने खातं. फ्रिजमधल्या गार तुकड्याला वास येत नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून तुकडा कोमट करा, वरून बिनमिठाचं चिकनचं पाणी घाला. पसरट ताटली वापरा. नवीन पदार्थ जुन्या खाण्याशेजारी ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी उचला, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. भूक लागली की खाईल, असं म्हणून उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस न जेवल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

मुख्य जेवणातली कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज घटते आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकदम खाली येते. मांजर लटपटलं, थरथरलं, सुस्त पडलं तर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका, पाणी ओतू नका. इन्सुलिन ४० युनिटचं आणि सिरिंज १०० युनिटची, किंवा उलट, असं झालं तरी डोस चुकतो. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दर वेळी जुळवून बघा.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. साखर वाढलेलं मांजर सहसा जास्तच खातं. त्यामुळे तुमच्या बोक्याने नवीन खाऊ नाकारला तर तो हट्ट समजा, पण रोजच्या आवडीच्या खाण्यालाही तोंड लावलं नाही तर तो आजार समजा. दात, मूत्रपिंड, स्वादुपिंड किंवा रक्तात वाढलेली कीटोन्स, यांपैकी काहीही कारण असू शकतं. अशा वेळी इन्सुलिनचा नेहमीचा पूर्ण डोस परस्पर देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. योग्य आहार आणि वेळेवर सुरू केलेलं इन्सुलिन यांमुळे काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. तुमच्या बोक्यालाही ती संधी द्या. आजपासून त्याचं जेवण, खाऊ, डोस आणि आठवड्याचं वजन एका वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.