टाइप-२ मधुमेह, व्यायाम आणि बौद्धिक आरोग्य

मधुमेहाचे डोळे, मूत्रपिंडे व हृदय यांवरील दुष्परिणाम सर्वपरिचित आहेत. मेंदूवरील परिणाम मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०२१ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह होता. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अन्य एका अभ्यासात साठ व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज मांडण्यात आला. हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

मधुमेह आणि मेंदू

टाइप-२ मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. इन्सुलिनला मिळणारा पेशींचा प्रतिसाद मंदावणे व उच्च रक्तदाब यांमुळे हानी वाढते. यातून दुष्टचक्र निर्माण होते. औषधांच्या वेळा पाळणे, इन्सुलिनची मात्रा ठरविणे, साखर एकदम उतरल्याची लक्षणे ओळखणे, ही सर्व कामे स्मरणशक्ती व नियोजनक्षमतेवर अवलंबून असतात. नेमक्या याच क्षमता क्षीण झाल्यास रोगावरील नियंत्रणही सुटते.

व्यायामाचे कार्य

व्यायामाच्या वेळी स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही रक्तातील साखर शोषून घेतात. नियमित व्यायामाने रक्तदाब व रक्ताभिसरण सुधारते. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागाचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मात्र, हा प्रयोग विशेषतः मधुमेहींवर केलेला नव्हता.

पुराव्यांचे मूल्यमापन

मधुमेहींवरील 'अकॉर्ड-माइंड' चाचणीत (२०११) साखरेवरील कठोर नियंत्रणाने बौद्धिक क्षमतेत लाभ दिसला नाही. वजन अधिक असलेल्या मधुमेहींवरील 'लुक अहेड' चाचणीतही आहारनियंत्रण व व्यायाम यांचा बुद्धीवर एकंदर लाभ सिद्ध झाला नाही. याउलट, फिनलंडमधील 'फिंगर' चाचणीत (२०१५) स्मृतिभ्रंशाचा धोका असलेल्या १,२६० ज्येष्ठांपैकी ज्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तदाबादी घटकांवरील देखरेख यांचा एकत्रित लाभ मिळाला, त्यांची बौद्धिक कामगिरी दोन वर्षांत तुलनेने सरस ठरली. व्यायाम हा आवश्यक घटक आहे, परंतु एकमेव उपाय नव्हे, असाच यांचा एकत्रित अर्थ निघतो.

धोरणात्मक दिशा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचविला आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर उतरण्याचा धोका लक्षात घेऊन वैद्यकीय सल्ल्यानेच व्यायाम वाढविणे इष्ट होय. असंसर्गजन्य रोगांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या मधुमेह तपासणीची तरतूद आहे. ज्येष्ठ मधुमेहींच्या स्मरणशक्तीची साधी चाचणी व व्यायामविषयक मार्गदर्शन तिला जोडल्यास, उपचारांचा भार पेलण्याची रुग्णाची क्षमता अधिक काळ टिकू शकेल.