शालेय ग्रंथांचे वर्गीकरण

शाळेच्या कपाटातील पुस्तके पुष्कळदा दाखल-क्रमांकाने लावलेली असतात. त्यामुळे मोजदाद सुलभ होते. परंतु तेरच्या संत गोरा कुंभारांविषयी वाचू इच्छिणाऱ्या मुलास त्यांचे चरित्र एका टोकास व दुसरे संतचरित्र दुसऱ्या टोकास सापडते. एका विषयाचे ग्रंथ एकत्र आणणे, हाच वर्गीकरणाचा हेतू होय.

अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश पद्धती प्रसिद्ध केली. तीत ज्ञानाचे दहा वर्ग आहेत. उदाहरणार्थ, ५०० विज्ञान, ८०० साहित्य, ९०० इतिहास व भूगोल. केवळ अंकांचा उपयोग, हा तिचा गुण. दोष असा की, धर्मवर्गाच्या दहांपैकी सात उपविभाग ख्रिस्ती विषयांस मिळाले, तर मराठी साहित्यास ८९१.४६ एवढीच जागा लाभली. तीनच अंक लिहिल्यास मराठी कथा, कविता, नाटके सर्व ८९१ मध्येच जमा होतात.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदु पद्धती मांडली. तीत विषयाचे घटक पाडून ते चिन्हांनी जोडतात. ज्वारीच्या रोगांवरील पुस्तकात शेती, पीक, रोग हे घटक येतात. प्रदेश व काळही दर्शविता येतात. सूक्ष्म विषयांस ही पद्धती अनुरूप आहे. परंतु तिची लांब चिन्हे लहान मुलांस उमगणे कठीण.

स्थानिक गरजेनुसार पद्धती घडविणे नवे नाही. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोलाविलेल्या बॉर्डन यांनी ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून स्वतंत्र योजना केली होती.

एका कपाटाच्या शाळेने ड्यूईचे दहा वर्ग एकेका अंकाने घ्यावेत. मात्र साहित्याचे पोटभाग मराठीस अनुसरून पाडावेत : ८-गो गोष्टी, ८-क कविता, ८-ना नाटके. गोरा कुंभारांचे चरित्र ९-च मध्ये ठेवावे व धर्माच्या यादीत त्याची नोंद करावी, म्हणजे दोन्ही वाटांनी ते सापडेल. वर्गांचा तक्ता कपाटाच्या दारावर आतून चिकटवावा. शिक्षकाची बदली होते. त्याच्या स्मरणावर लावलेले कपाट त्याच्याबरोबरच मुके होते.

चौथीच्या मुलाने कोणास न विचारता हवे ते पुस्तक काढले व जागेवर परत ठेवले, तर वर्गीकरण साधले असे समजावे.