पाय थिरकवणारा जॅझ

प्रश्न : जॅझ म्हणजे डोळे मिटून ऐकायचं संगीत, अशी माझी समजूत होती. परवा हर्बी हॅनकॉक यांचं ‘कमीलियन’ ऐकलं आणि पाय काही केल्या स्वस्थ बसेनात. हा जॅझच आहे का?
– एक वाचक

उत्तर : आहे, आणि पक्का आहे. जॅझवर पाय हलणं ही काही नवलाई नाही. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये लोक जॅझवर नाचायलाच गर्दी करत. पुढच्या दशकात वेगवान, गुंतागुंतीचा बीबॉप आला आणि श्रोते खुर्चीत बसले.

हॅनकॉकही त्याच बैठकीतले. १९६३ पासून ते माइल्स डेव्हिस यांच्या संचात पियानो वाजवत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा स्वतःचा संच इतका प्रयोगशील झाला की ऐकणारे मोजकेच उरले. इकडे स्लाय स्टोनच्या फंकने, म्हणजे ठेक्यावर उभ्या असलेल्या नाचऱ्या संगीताने, त्यांना भुरळ घातली होती. त्यांनी बेनी मॉपिन यांच्याखेरीज सगळे वादक बदलले, गिटारवादक घेतलाच नाही आणि १९७३ मध्ये ‘हेड हंटर्स’ ही तबकडी काढली. तिच्यात रचना अवघ्या चार. त्यांतल्या एकीचं नावच ‘स्लाय’.

तुम्ही ऐकलेली रचनाही याच तबकडीतली; ती साडेपंधरा मिनिटांहून मोठी आहे. सुरुवातीची खर्जातली ओळ बास गिटारची वाटते, पण ती एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर हॅनकॉक यांनीच वाजवली आहे. मग हार्वी मेसन यांचे ड्रम येतात आणि एकेक वाद्य त्यात मिसळत जातं. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहतो आणि तबलजी बिनधास्त कुठेही जाऊन समेवर येतो ना, तसंच इथे. बराच वेळ दोनच कॉर्ड आलटून पालटून येतात. तेवढ्या आधारावर हॅनकॉक त्याच ओडिसीवर स्वर ओढत, वाकवत हवा तितका भटकतात. एकाच माणसाची दोन वादनं वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केल्यामुळे हे जमलं. मध्यावर ठेका बदलतो, इलेक्ट्रिक पियानोचा सोलो येतो, आणि पुन्हा पहिली ओळ परतते. नाचणाऱ्याला ठेका मिळतो आणि वादकाला मोकळं रान. उत्स्फूर्त वादन हा जॅझचा प्राण, तो इथे शाबूत आहे.

आता याच तबकडीतलं ‘वॉटरमेलन मॅन’ ऐका. त्याच्या सुरुवातीची शीळ बिअरच्या बाटलीत फुंकून काढलेली आहे. तालवादक बिल समर्स यांनी मध्य आफ्रिकेतल्या बा-बेन्झेले लोकांची पद्धत उचलली : एक फुंकर, लगेच गळ्यातून एक सूर, पुन्हा फुंकर. हॅनकॉक यांनी हीच रचना १९६२ च्या ‘टेकिन ऑफ’मध्ये साध्या पियानोवर वाजवली होती. दोन्ही पाठोपाठ लावा : चाल तीच, पण अकरा वर्षांत ठेका किती बदलला ते कानांना लगेच कळेल.