शिकारी सुरी: पाणी, मूठ आणि नंबर

शिकारी सुरी म्हटले की सिनेमातला मोठा दातेरी खंजीर आठवतो. खरी शिकारी सुरी साधी असते. पाते बहुधा चार इंचांच्या आसपास. तिचे काम शिकार मेल्यावर सुरू होते: कातडे सोडवणे, मांस कापणे.

अमेरिकेतील बॉब लव्हलेस यांच्या सुऱ्यांना संग्राहकांत फार मान आहे. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका दुकानात ते रँडल यांची हातघडणीची सुरी घ्यायला गेले. कित्येक महिने थांबावे लागेल असे कळल्यावर त्यांनी जुन्या मोटारीच्या स्प्रिंगमधून स्वतःच सुरी बनवली. पुढे त्याच दुकानात त्यांच्या सुऱ्या विकल्या गेल्या! त्यांच्या 'ड्रॉप पॉइंट' आकारात पात्याची पाठ टोकाकडे हलकेच उतरते, म्हणून जनावराचे पोट उघडताना टोक आतड्यात घुसत नाही.

आकार डोळ्यांना दिसतो, पाणी दिसत नाही. आपले लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतात तोच सुरीचा जीव. साधे कार्बन पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात. तापमान कसे ओळखायचे? लोहचुंबक लावून. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते (भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला क्यूरी बिंदू तो हाच). बुडवलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवतात. तेव्हा घासलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो.

मुठीसाठी परदेशी कारागीर भारतातले सांबरशिंग पसंत करत. ते आतून भरीव आणि बाहेरून खडबडीत असल्याने पकड चांगली बसते. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात, तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे आज आपल्याकडे गळलेल्या शिंगाचाही व्यापार करता येत नाही. मला हे योग्य वाटते. शिंग गळलेले की मारून काढलेले, हे बाजारात कोण तपासणार? लव्हलेस स्वतः कापड आणि राळ दाबून केलेले मायकार्टा वापरत. ते ओलीत फुगत नाही.

'मर्यादित आवृत्ती'चा नंबर फक्त किती सुऱ्या झाल्या ते सांगतो, पाणी कसे दिले ते नाही. म्हणून जाणकार आधी मूठ आणि पाते जिथे जुळतात तिथे फट आहे का पाहतात, दोन्ही बाजूंची धार सारखी आहे का पाहतात, नंबर शेवटी. आणि सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून देत नाहीत. कमावलेल्या चामड्यातील आम्ल व ओल पात्याला गंज आणते. तेलाचा हात फिरवून म्यान वेगळे, सुरी वेगळी.